काम दाखवावे, गुपित राखावे

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळूरमध्ये आपले केंद्र थाटले. त्यानंतर संगणकाच्या साहाय्याने जगाची कामे करून देणारे शहर अशी बंगळूरची ख्याती झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीपासून व्हाइटफील्डपर्यंत हजारो तरुण दुसऱ्यांची संकेतस्थळे उभारून देतात. नवे काम मिळवताना त्यांना आधीचे काम दाखवावे लागते. त्यासाठी प्रत्येकाचा एक ‘पोर्टफोलिओ’, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, इंटरनेटवर मांडलेला असतो.

सुताराने घडवलेले दार रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. वेब डेव्हलपरचे काम मात्र बहुधा दाराच्या आत, पासवर्डच्या पलीकडे असते. पेच उद्भवतो तो इथेच.

समजा, सोलापूरहून बंगळूरला आलेल्या एका तरुणाने एका वित्तसंस्थेसाठी कर्ज-अर्जाचे पान तयार केले. नव्या नोकरीच्या आशेने त्याने त्या पानाचे चित्र आपल्या संग्रहात ठेवले. चित्राच्या कोपऱ्यात एका अर्जदाराचे नाव व पगार आहे, तर वरच्या पट्टीत संस्थेच्या अंतर्गत सर्व्हरचा पत्ता. तरुणाचा हेतू निर्मळ आहे. परंतु अर्जदाराची खासगी बाब चव्हाट्यावर आली आणि भामट्याला आयती वाट सापडली. चूक ध्यानात आल्यावर चित्र काढून टाकले, तरी तोवर त्याच्या प्रती इतरत्र गेलेल्या असू शकतात. प्रोग्रॅमच्या मजकुरात राहून गेलेला पासवर्ड पुसला, तरी जुन्या आवृत्त्यांच्या नोंदींत तो शिल्लक राहतो. अशा वेळी तो पासवर्ड तातडीने बदलणे हाच उपाय होय.

ही जबाबदारी केवळ सौजन्याची नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७२-अ नुसार, कराराने हाती आलेली व्यक्तिगत माहिती गैरलाभाच्या किंवा हानीच्या हेतूने, अथवा तसे होण्याचा संभव ठाऊक असताना, संमतीविना उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याआधी, २००६ साली, बंगळूरमधील एका परदेशी बँकेच्या सेवाकेंद्रातून ब्रिटिश ग्राहकांची माहिती फुटली, पैसे लुबाडले गेले आणि एका कर्मचाऱ्यास अटक झाली. तो प्रकार गुन्ह्याचा होता. परंतु माहिती निष्काळजीपणे फुटली काय किंवा हेतुपुरस्सर, ग्राहकाचे नुकसान तेच.

बँक व्यवसायाला हा धडा जुना आहे. इंग्लंडमध्ये एका शाखाधिकाऱ्याने खातेदाराच्या मालकाशी दूरध्वनीवर बोलताना खात्यातील व्यवहार सांगून टाकले आणि खातेदाराची नोकरी गेली. १९२४ च्या या ‘टूर्निए’ खटल्यात न्यायालयाने सांगितले की, गुप्तता पाळणे हा बँक व ग्राहक यांच्यातील कराराचाच भाग असून खाते बंद झाल्यावरही ते कर्तव्य संपत नाही. ग्राहकाची संमती मात्र त्याला अपवाद ठरते.

हीच कसोटी पोर्टफोलिओला लावता येते. काम संपले तरी भरवसा संपत नाही. दाखवायचे असेल तर लेखी परवानगी घ्यावी, आणि शक्यतो काम स्वीकारतानाच. परवानगी नसेल तर संस्थेचे नाव न घेता अडचण कोणती होती, आपला वाटा कोणता आणि उपाय कसा शोधला, हे शब्दांत मांडावे. कौशल्य दाखवण्यासाठी काल्पनिक नावे व आकडे घालून स्वतंत्र नमुना तयार करावा. खरी माहिती धूसर करून भागत नाही. ती मुळात चित्रात नसावीच. जाणकार नियोक्ताही हेच पाहतो, कारण आज दुसऱ्याचे गुपित मांडणारा उद्या आपलेही मांडील, ही शंका त्याच्या मनात येतेच.

१९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यानुसार राष्ट्रीयीकृत बँकेचा प्रत्येक कर्मचारी कामावर रुजू होण्यापूर्वी निष्ठा व गुप्ततेचे प्रतिज्ञापन करतो. आज ग्राहकाची माहिती काउंटरवरील खातेवहीतून संगणकाच्या पडद्यावर आली आहे. तो पडदा घडवणाऱ्यानेही तीच प्रतिज्ञा मनोमन पाळली, तर खातेदाराचा विश्वास अबाधित राहील.