लंडनमध्ये राब

सकाळी ८. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी भरून घेते. वाचनकक्षातून एकदा बाहेर आलं की हातातला धागा तुटतो, म्हणून जेवण लवकर उरकेल असंच नेते.

९.३०. युस्टन रोडवरची ब्रिटिश लायब्ररी. कोट, पेन, पिशवी लॉकरमध्ये. वर न्यायला पारदर्शक पिशवी. तीत वही, लॅपटॉप, शिसपेन्सिल. शाईला इथे मज्जाव, आणि तो योग्यच आहे. इंडिया ऑफिसची दप्तरं फळ्यांवर ओळीनं लावली तर १४ किलोमीटर भरतात. मला त्यातलं हवंय ठाणे जिल्ह्याचं जंगल.

१०. काल मागवलेला खंड फोमच्या उशीवर ठेवते. पानं दाबायला मण्यांची जड माळ. १८७८चा वनकायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या आणि शेतकऱ्यांची कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या पाल्याच्या फांद्या, अडली. गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५मध्ये सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. १८८७च्या त्याच्या अहवालात राबावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी कवळ जाळून जमीन भाजण्यावर, बरीच चर्चा आहे.

इंग्रजी मजकुरात तो शब्द तिरप्या अक्षरांत येतो: राब. भाषांतर नाही. मला दर वेळी थांबायला होतं. मुरबाडकडे आमच्या घरी हा शब्द रोजचा. अधिकाऱ्याच्या लेखी ऐनाच्या फांद्या तोडणं म्हणजे इमारती लाकडाची नासाडी; शेतकऱ्याच्या लेखी त्या फांद्या म्हणजे भाताचं रोप.

१.३०. अंगणात न्यूटनच्या पुतळ्यापाशी डबा. थंडी आहे, दहा मिनिटांत आत.

२ ते ४.३०. एका अर्जाचा छापील इंग्रजी तर्जुमा. मूळ मराठीत असणार, बहुधा मोडीत. मागणी साधी: पाऊस तोंडावर आलाय, कवळ तोडू द्या. शेवटी फक्त ‘सह्या व निशाण्या’ एवढंच. लिहिता न येणारा कुणबी नावापुढे नांगराची निशाणी करी. छापणाऱ्यानं ते नांगर गाळले, आणि नावंही. तासभर पुढची-मागची पानं चाळली. नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. माझ्या प्रबंधात ती रिकामी जागा मी रिकामीच दाखवणार आहे.

५. बाहेर पडून आईला फोन. तिकडे रात्र झालेली. राब कसा रचायचा ते विचारते.

‘‘खाली शेण, वर कवळ, वर गवत, मग माती. आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचा. सावकाश जळला पाहिजे, नाहीतर जमीन भाजत नाही. लिहितेयस ना?’’

‘‘लिहितेय, आई.’’