राणीछाप रुपया: साल एक, छापे अनेक

चांदीच्या रुपयावर कोरलेले साल आणि तो रुपया प्रत्यक्ष पाडला गेला ते साल यांत वीसेक वर्षांचे अंतर असू शकते. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्हिक्टोरिया रुपयावर १८४० हे साल आले आणि १८६२ पर्यंत हललेच नाही. सत्तावन्नच्या धामधुमीत पाडलेल्या रुपयावरही १८४०च आहे. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आल्यावर नव्या रुपयावर १८६२ कोरले गेले, तेही १८७४ पर्यंत तसेच राहिले. मालवण-वेंगुर्ल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात जो राणीछाप रुपया मांडला जातो, त्याचे वय म्हणूनच नुसते साल वाचून सांगता येत नाही. ते छापाच्या बारकाव्यांतून काढावे लागते, आणि संग्राहकाचे खरे काम तिथेच सुरू होते.

वजन आणि कस यांची यात फारशी मदत होत नाही. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला आणि बारा भागांत अकरा भाग चांदी हे प्रमाण पक्के झाले. तोळाही तेवढाच असल्याने सोनाराच्या तागडीत रुपया हेच वजन झाले. 'रुपयाभार' हा शब्द त्यातूनच रुळला. ऐंशी रुपयांचा शेर. यंत्रावर पाडलेला म्हणून तो कलदार. शंभर वर्षांहून अधिक काळ हे प्रमाण टिकल्यामुळे एका रुपयाला दुसऱ्यापासून वेगळे करायचे ते नजरेनेच.

१८४० च्या रुपयाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे राणीच्या डोक्यावरून सलग कमानीसारखी जातात. नंतरच्या प्रकारात ती दुभंगतात: एक शब्द चेहऱ्याच्या एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. मानेच्या कापावर भिंग धरले, तर विल्यम वायन या कोरक्याची 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही आद्याक्षरे दिसतात. कुठे उठावाची, कुठे खोलगट. मागच्या बाजूला पानांची माळ आहे आणि तिच्यातली बारीक फळे मोजण्याचा नाद अनेकांना असतो. नाद हास्यास्पद वाटला, तरी फळांची संख्या बदलली म्हणजे साचा बदलला, इतके त्यातून निश्चित कळते.

सर्वांत भरपूर खाद्य आहे १८६२ च्या रुपयात. पुढच्या बाजूला राणीच्या पोशाखाच्या छातीवरचे नक्षीचे पट्टे मोजून चेहऱ्याचे प्रकार ठरतात. मागच्या बाजूला नक्षीच्या माथ्यावर एक फूल आहे. त्याच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब आणि खाली वळलेल्या असतील तर एक प्रकार, आखूड आणि आडव्या असतील तर दुसरा. पुढच्या आणि मागच्या साच्यांच्या जोड्या बदलत गेल्याने प्रकार वाढले. मुंबईच्या टांकसाळीने त्यात भर घातली ती ठिपक्यांची. साल गोठलेले असताना पाडण्याचे वर्ष ओळखू यावे म्हणून सूक्ष्म ठिपके दिले गेले, असे अभ्यासक मानतात. झिजलेल्या नाण्यावर हे ठिपके सर्वांत आधी पुसले जातात. फ्रेड प्रिडमोर यांनी ब्रिटिश भारतीय नाण्यांचे हे भेद ग्रंथबद्ध केले आणि संग्राहकांची आजची परिभाषाही त्यांच्या वर्गीकरणावरच उभी आहे. अमेरिकेत १८७८ च्या मॉर्गन डॉलरवर गरुडाच्या शेपटीची पिसे सात की आठ, यावर असाच खल चालतो.

१८७७ पासून राणी सम्राज्ञी झाली आणि 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आले. साल तोवर दरवर्षी बदलू लागल्यामुळे नजर टांकसाळीच्या खुणेकडे वळली: मुंबईचा 'बी' कधी उठावाचा, कधी खोलगट, कलकत्त्याचा 'सी' किंवा काहीच नाही. पंचम जॉर्जच्या काळात मुंबईची खूण म्हणजे सालाखालच्या कमळापाशीचे एक टिंब. त्याच्या १९११ च्या पहिल्या रुपयाला लोकांनी 'डुकराचा रुपया' म्हटले. राजाच्या वस्त्रावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसत होता. धार्मिक भावना दुखावल्या, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ मध्ये सोंड नीट झाली.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा जुन्या कसाचा मुंबई रुपया दुर्मीळ आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेवर बनावट ओळखण्यासाठी खास नक्षी आली. दुर्मिळाच्या मागणीपोटी साल खोदून बदललेली नाणीही फिरतात. अंकाभोवतीची पृष्ठभूमी खरवडलेली दिसली, तर तो व्यवहार सोडावा.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर आणखी एक पाहुणा भेटू शकतो. तेरेखोलपलीकडच्या गोव्यात लुईश राजाचा १८८१-८२ चा 'रुपिया' ब्रिटिश रुपयाच्याच वजनाकसाचा होता. 'इंडिया पोर्तुगेझा' ही अक्षरे वाचली नाहीत, तर तो ढिगात सहज मिसळून जातो.

घरगुती नाण्यांचे मोठे नुकसान पूजेच्या आदल्या दिवशी होते. चिंच आणि राखेने घासलेला रुपया लखलखतो, पण पोशाखाचे पट्टे आणि ठिपके त्या चकाकीत जातात. हारासाठी नाके डाखलेला रुपया दागिना म्हणून राहतो, संग्रहात त्याचे मोल उतरते. काळपटपणा हा चांदीवर गंधकाचा परिणाम असल्याने रबर बँडमध्ये नाणी बांधून ठेवू नयेत. खाऱ्या दमट हवेत कोरडा, बंद डबा बरा. आणि परसात खणताना रुपयांचे मडके हाती लागलेच, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.