घरचा संगणक (भाग ९) : वायफाय नेमकं अडतं कुठे?

“भाऊजी, परत ते गोल फिरायला लागलं बघा.”

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दहावीच्या मुलांचे गणिताचे तास ऑनलाइन घेतात. संध्याकाळी सातला तास सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत आवाज तुटायचा, पडद्यावरचा फळा गोठायचा, आणि ‘मॅडम, आवाज येत नाहीये’ असे मुलांचे निरोप यायला लागायचे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी. हॉलमध्ये उभं राहून त्याने मोबाइलवर वेग मोजला, १०० पैकी ९६ आले, ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. शेवटी वहिनींनी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. आवाज तुटायचा तो तुटतच राहिला.

तो माणूस खोटं बोलत नव्हता. लाइन ठीकच होती. अडत होतं वायफाय आणि पैसे वाढले इंटरनेटचे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांचा सगळ्यात जास्त पैसा मला इथेच वाया जाताना दिसतो. फायबरची तार बाहेरून राउटरपर्यंत येते, तो एक टप्पा. त्याचे आपण दरमहा पैसे भरतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून जावं लागतं, तो दुसरा. हा दुसरा टप्पा आपल्या भिंतींवर, कपाटांवर आणि शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. तिथे अडचण असेल तर कितीही मोठा प्लॅन घेतला तरी काडीचा फरक पडत नाही.

कुठला टप्पा अडतोय हे पाच मिनिटांत कळतं. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा, काळी चौकट येईल. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून राउटरचा पत्ता टाका. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर छापलेला दिसतो. पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘टी’ लिहिलं की मोजणी चालू राहते. थांबवायला कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबायची. साधारण दर सेकंदाला एक ओळ उमटते. लॅपटॉपने राउटरला हाक मारली आणि त्याने किती मिलिसेकंदांत ओ दिली, एवढंच ती ओळ सांगते. घरातल्या घरात हा आकडा २, ३, ५ असा राहायला हवा. मधूनच १५०, ४०० असे आकडे उसळत असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असं येत असेल, तर दोष हवेतल्या टप्प्यात आहे. राउटर निवांत ३-४ देतोय, पण ८.८.८.८ हा गूगलचा बाहेरचा पत्ता टाकल्यावर आकडे भरकटतात, तर दोष बाहेरच्या टप्प्यात. तेव्हा मात्र जरूर तक्रार करा आणि आलेल्या माणसाला हे आकडे दाखवा. फायबरच्या डब्यावरचा ‘लॉस’चा दिवा लाल लागला असेल तर ही मोजणी करत बसू नका, थेट तक्रार करा, तारेतून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये.

वहिनींकडे मी मुद्दाम सातच्या आधी गेलो. तासाआधी राउटरचे आकडे होते ४, ३, ४. सात वाजून दहा मिनिटांनी ४, २१०, ‘टाइम्ड आउट’, ३८०. मधल्या वेळात एकच नवी गोष्ट घडली होती. तासाचं रेकॉर्डिंग साठवायला त्यांनी बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली होती. वायर आखूड, म्हणून डिस्क लॅपटॉपला खेटून ठेवलेली. मी ती काढायला सांगितली. आकडे लगेच ४ वर आले. परत जोडली, परत उसळले.

यात डिस्क खराब नव्हती. यूएसबी ३ ची जोडणी सेकंदाला पाच गिगाबिट वेगाने माहिती नेते, आणि तिच्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. वायफायचा जुना पट्टा हाच. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लेख काढला होता. वायरलेस माउसही याच पट्ट्यात बोलतो, म्हणून अशी डिस्क जोडल्यावर माउस अडखळत असेल तर कारण हेच असण्याचा दाट संभव आहे. दुपारी तास नसायचा, डिस्कही नसायची. शिवाय कंपनीच्या माणसाचा मोबाइल हॉलमध्ये राउटरपाशी, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर होता. त्याला दोष सापडणार कसा?

या २.४ च्या पट्ट्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण शहरातल्या सोसायट्यांमधली निम्मीअधिक रडकथा इथली आहे, असं माझं मत आहे. हा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. विनापरवाना असल्यामुळे ब्लूटूथ इथेच, वायरलेस कीबोर्ड इथेच, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह अन्न तापवतो तोही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच. वायफायसाठी यात १३ चॅनल आखलेले आहेत, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला जागा लागते निदान २० ची. म्हणजे एकमेकांवर न चढणारे चॅनल उरतात तीनच : १, ६ आणि ११.

वायफायचं प्रत्येक उपकरण बोलण्याआधी कानोसा घेतं. त्याच चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं, मग थोडा वेळ, दर वेळी वेगळा, वाट पाहून बोलतं. (या विचाराचं मूळ १९७१ च्या अलोहानेटमध्ये आहे. हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा दोन संदेशांची टक्कर झाली की दोघांनी वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, असा नियम केला होता.) त्यामुळे दहा घरं ६ नंबरवर असली तरी ती पाळीपाळीने बोलतात, वेग वाटला जातो, पण काम चालतं. खरी नासाडी होते ती कुणी ‘रिकामा दिसतोय’ म्हणून ३ किंवा ४ नंबर लावतो तेव्हा. त्याचं बोलणं १ वाल्यांनाही अर्धवट ऐकू येतं आणि ६ वाल्यांनाही. उलगडत मात्र कुणालाच नाही. सगळ्यांच्या कानी फक्त गोंगाट पडतो आणि पाळी लागतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी ४० मेगाहर्ट्झ रुंदी निवडणं हाही असाच प्रकार. त्यात पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग एकाच घराने अडवलेला असतो. मोबाइलवर वायफायचे चॅनल दाखवणारं एखादं ॲप घ्या, आजूबाजूला कोण कुठे आहे ते बघा आणि १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा निवडा. रुंदी २०.

त्याहून चांगला उपाय म्हणजे शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाणं. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ वायफायसाठी विनापरवाना खुले केले. तिथे जागा भरपूर, मायक्रोवेव्ह नाही, ब्लूटूथ नाही. पण भिंतींपुढे तो लवकर हात टेकतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर आतल्या खोलीतला लॅपटॉप गुपचूप २.४ वर उतरतो आणि पुष्कळदा तिथेच चिकटून बसतो. वहिनींचा तसाच बसला होता. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, म्हणजे आपण कुठे आहोत ते दिसतं.

भिंतीही सगळ्या सारख्या नसतात. चार इंची विटेची भिंत फारसा त्रास देत नाही. काळ्या दगडाच्या जुन्या वाड्यातली दोन फुटी भिंत, सिमेंटचा स्लॅब, लोखंडी कपाट आणि ड्रेसिंग टेबलचा आरसा मात्र पक्के वैरी. आरशामागे धातूचा थर असतो. आणि राउटर आपण ठेवतो कुठे? टीव्हीच्या मागे, सेटटॉप बॉक्सच्या खाली, तार तिथे निघते म्हणून. तो तिथून काढून छातीइतक्या उंचीवर, मोकळ्यावर ठेवा. याला पैसे पडत नाहीत.

एकाच लॅपटॉपला त्रास असेल आणि बाकी सगळं ठीक चालत असेल तर लॅपटॉपकडे वळा. आधी लिंक स्पीड, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप यांच्यातल्या जोडणीचा वेग, बघा. फक्त २.४ वर चालणारं, एकाच अँटेनाचं जुनं कार्ड ७२ च दाखवेल, आणि त्यातून प्रत्यक्षात हाती येतात ४० च्या आसपास. अशा लॅपटॉपला २०० चा प्लॅन कळतही नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची खूण काढा आणि ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या.

एक दोष सेटिंगमध्ये कधीच सापडत नाही. लॅपटॉपच्या अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात. तिथून दोन बारीक तारा, पुष्कळदा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली उतरून कार्डावर टिचणीच्या डोक्याएवढ्या गोल टोप्यांनी बसतात. बॅटरी किंवा पडदा बदलताना त्यातली एक निसटली की राउटर शेजारी असूनही रेंजच्या दोनच रेघा दिसतात. दुरुस्तीनंतर वायफाय मंदावलं असेल तर त्याच दुकानात जा आणि ‘अँटेनाची तार बघा’ एवढंच सांगा.

पिंगचे आकडे ठरावीक वेळीच फुगत असतील तर घरातला एखादा मोबाइल दिवसभराचे फोटो वर चढवत असतो का, तेही पाहा. वर जाणारी वाट भरली की राउटरमध्ये रांग लागते आणि व्हिडिओ कॉल त्या रांगेत अडकतो. ते चढवणं रात्रीवर टाका.

बाजारात मिळणाऱ्या बूस्टरबद्दल रोज विचारणा होते. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय आधीच गर्दी असलेल्या हवेत आणखी एक बोलणारा वाढतो. माझा सल्ला आहे, घेऊ नका. जिथे रोजचं काम बसून होतं, त्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढा. कॅट ५ई ची केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते, आणि तिला ना भिंत अडवते ना शेजारी. लॅपटॉपला त्या केबलचं भोक नसेल तर यूएसबीचा लहानसा अडॅप्टर मिळतो.

वहिनींच्या टेबलापर्यंत आता पंधरा मीटरची केबल गेली आहे, डिस्क जोडलेली असतानाही तास सलग होतो, आणि प्लॅन पुन्हा १०० चा झाला आहे.

पुढच्या भागात राउटरचा पासवर्ड आणि पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क. तोपर्यंत राउटरपाशी, नेहमीच्या जागी आणि केबल लावून, अशी तीन ठिकाणी पिंग घ्या आणि आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. प्लॅन वाढवण्याआधी ती वही उघडा.