संगणकाचा आवाज आणि साउंडबार

टेबलावरच्या संगणकाचा आवाज म्हणजे बहुधा पडद्याच्या कडेंत दडविलेल्या दोन चिमुकल्या ध्वनिक्षेपकांचा. त्यांतून व्याख्यान ऐकावयाचें तर घरांतील वडीलधाऱ्यांना शब्द नीट लागत नाहींत, आणि गाण्यांतला तबला नुसती टकटक होऊन राहतो. म्हणून टेलिव्हिजनसाठीं घेतलेला साउंडबार, म्हणजे ध्वनिक्षेपक एका ओळींत बसविलेली ती लांबट पेटी, संगणकालाहि जोडावा असें पुष्कळांच्या मनांत येतें. विचार रास्त आहे. परंतु खोबणींत बसेल ती तार आणली कीं काम झालें, ही समजूत मात्र पैसे आणि संध्याकाळ दोन्ही फुकट घालविणारी आहे. तार बसणें निराळें आणि तींतून आवाज योग्य दिशेनें वाहणें निराळें.

सर्वांत अधिक फसगत एचडीएमआय तारेनें होते. पुष्कळ साउंडबारांना या जातीची एकच खोबण असते व तिच्यावर ‘एआरसी’ अशीं अक्षरें असतात. ही सोय २००९ सालीं एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तींत आली. एरव्हीं या तारेंतून चित्र आणि ध्वनि हीं दोन्ही यंत्राकडून पडद्याकडे जातात. एआरसीमध्यें टेलिव्हिजनचा ध्वनि त्याच तारेंतून उलट येऊन साउंडबारला मिळतो. संगणकाला ही उलटी रीत सहसा अवगत नसते. तार घट्ट बसते, दिवे लागतात, आणि पेटी मुकी ती मुकीच. मग निष्कारण दुकानदारास बोल लागतो. साउंडबारवर ‘इन’ असें लिहिलेली दुसरी खोबण असल्यास संगणकाची तार तेथें द्यावी व एआरसीच्या खोबणींतून दुसरी तार पडद्याकडे न्यावी. ती नसेल, पण घरचा टेलिव्हिजन एआरसीचा असेल, तर संगणक टेलिव्हिजनला आणि टेलिव्हिजन साउंडबारला जोडावा. वाट लांबची खरी, पण आवाज पोंचतो.

संगणकाचा पडदा साधा असेल तर प्रकाशतारेचा विचार करावा. तोशिबा कंपनीनें ही जोडणी १९८३ सालीं प्रचारांत आणली. तींत विजेऐवजीं तांबड्या प्रकाशाची अतिजलद उघडझांप होते. दोन यंत्रांमध्यें विजेचा संबंधच राहत नसल्यामुळें, साध्या तारेंतून पुष्कळदां ऐकूं येणारी गुणगुण येथें उद्भवत नाहीं. टोंकावरचें प्लास्टिकचें टोपण काढावयास विसरूं नये, आणि तार काटकोनांत मुडपूं नये. मात्र ही खोबण सगळ्याच संगणकांना नसते.

हिरव्या कडेची ३.५ मिलिमीटरची वाटोळी खोबण बहुतेक सर्वत्र सांपडते. साउंडबारला ‘ऑक्स’ असेल तर स्वस्तांतली तारहि पुरते, आणि नेहमींच्या ऐकण्यांत तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. साउंडबारवरील यूएसबी खोबण मात्र पुष्कळदां केवळ पेनड्राइव्हवरील गाण्यांसाठीं असते. ती पाहून हुरळूं नये.

ब्लूटूथला तार लागत नाहीं, पण ध्वनि आवळून पाठविण्यांत व पुन्हां उलगडण्यांत सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक वेळ जातो. गाण्यांत तो कळत नाहीं. नाटक पाहतांना कित्येकदां ओठ आधीं हलतात व शब्द मागून येतात.

एवढें करूनहि शांतताच राहिली तर तार उपटण्यापूर्वीं विंडोजमध्यें उजव्या कोपऱ्यांतील ध्वनिक्षेपकाच्या चित्रापाशीं साधनांची यादी उघडावी आणि योग्य नांव निवडावें. प्रकाशतार असल्यास साउंडबारचें नांव तेथें दिसत नाहीं. ‘डिजिटल आउटपुट’ अशा नांवाखालीं तिला शोधावें लागतें.