ऑकलंडचे ऋतू आणि त्रिदोष

ग्रीष्मात साचलेला वात वर्षाऋतूत प्रकोप पावतो, वर्षेत साचलेले पित्त शरदात उसळते आणि थंडीत गोठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन जठराग्नी मंद करतो, असा दोषांच्या वैषम्याचा क्रम वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त घालून दिला असून, त्यावर अनुक्रमे बस्ती, विरेचन व वमन यांची तजवीज सांगितली आहे. परंतु दक्षिण गोलार्धातील न्यूझीलंडमध्ये पंचांगाचा आश्विन ऐन वसंतात येतो, आणि ऑकलंडला पावसाचा जोर जून-जुलैच्या हिवाळ्यातच असल्यामुळे वर्षा व हेमंत यांची सरमिसळ होते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास पुण्याचा वैद्य पित्ताची चिंता वाहील, तर तिथल्या मराठी कुटुंबाने, शास्त्राला धरून चालायचे तर, कफाकडे लक्ष पुरवावे. नियम ऋतूचा आहे, महिन्याच्या नावाचा नव्हे (हे पुष्कळ वैद्यही विसरतात!). तेथील आरोग्यव्यावसायिकांच्या २००३ च्या कायद्यात चिनी वैद्यकाचा समावेश २०२१ मध्ये झाला, आयुर्वेदाला मात्र तशी सनद नाही. शिवाय शिसे आढळलेल्या काही आयुर्वेदिक औषधांविषयी ‘मेडसेफ’ या सरकारी यंत्रणेने इशारे दिलेले आहेत. म्हणून मायदेशातून भस्मे वा रसौषधी मागवणाऱ्यांनी ती घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.