अंगणातले ‘ऑफिस टाइम’

आमच्या दारापुढे बारा फूट लांब, दोन फूट रुंद अशी मुरमाड पट्टी आहे. तिथे आधी हिरवळ लावली. नळाला चार दिवसांआड पाणी. मार्चमध्येच ती वाळली. मग अम्मींच्या बहिणीने, आमच्या खालाजानने, आपल्या अंगणातून ‘ऑफिस टाइम’च्या मूठभर काड्या दिल्या. गुलाबी, केशरी आणि एक फिकट पिवळी. कुणी या झाडाला चिनी गुलाब म्हणतात, उर्दूत गुलदुपहरी. ऊन चढले की फुले उघडतात, दुपारनंतर मिटतात. फूल एकाच दिवसाचे, पण उद्याची कळी तयारच असते. महिन्या-दोन महिन्यांत पट्टी झाकली गेली.

चुकले ते आमचेच. अम्मी वुजूचे पाणी तसराळ्यात धरत आणि पाची वेळा तिथेच ओतत. पाणी वाया जाऊ नये, हा हेतू. पंधरा दिवसांत देठ मऊ पडून बुडाशी कुजले. पिवळा रंग तर समूळ गेला. पुढच्याच महिन्यात खालाजान अल्लाहला प्याऱ्या झाल्या. आता तो रंग मागायचा कुणाकडे? अम्मी कितीतरी दिवस त्या पट्टीकडे पाहत नसत.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. गरदार पाने पाणी साठवून ठेवतात. आपली घोळाची भाजी, म्हणजे कुल्फा, याचीच सख्खी बहीण. ती कुणी न पेरता बांधावर वाढते, हे आम्ही विसरलो!

दुसऱ्यांदा मातीत निम्मी वाळू मिसळली. बोटभर काड्यांची खालची पाने काढून, दिवसभर सावलीत सुकवून वीतभर अंतरावर खोचल्या. ऊन पाच-सहा तास हवेच. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी. खताचा मारा नको, नाहीतर पाला माजतो आणि फुले कमी येतात. फांद्या लांबल्या की छाटायच्या, छाटलेल्या पुन्हा खोचायच्या. पावसाळ्यापूर्वी चार काड्या कुंडीत लावून वळचणीला ठेवायच्या. बियांपासून रोपे होतात, पण रंग तोच येईल याची खात्री नाही. तोच रंग हवा तर काडीच लावावी.

वुजूचे पाणी आता अळूला जाते.

शेजारच्या भाभींनी पहिल्याच वर्षी आमच्याकडून दोन काड्या नेल्या होत्या. गच्चीवरच्या फुटक्या डब्यात खोचून त्या विसरूनही गेल्या. परवा सकाळी दहाला त्यांनी हाक मारली. डब्यात पिवळी फुले उघडली होती. अम्मी गुडघेदुखी विसरून जिना चढल्या.