डी अँड डीसाठी ॲपचे पैसे भरावेत का? आधी खंडाळ्यातल्या मित्राचा मोबाईल बघा

समजा, कॉलेजातले पाच मित्र आहेत. एक खंडाळ्यात राहतो. लोणावळ्याशेजारचा खंडाळा नव्हे, साताऱ्याचा. पुण्याहून येताना शिरवळ मागे टाकलं की खंबाटकी घाटाच्या आधी लागतो तो. हा गडी शिरवळच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. दोघं पुण्यात, एक साताऱ्यात आणि एक बंगळुरूत. पाचही जण एकाच हायवेवर, पण एका टेबलाभोवती बसायचा योग काही येत नाही.

हॉस्टेलवर असताना त्यांना डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा नाद लागला होता. आता ठरलंय की दर रविवारी रात्री ऑनलाईन खेळायचं. ग्रुपवर पहिलाच मेसेज येतो, "एक भारी सॉफ्टवेअर आहे, घेऊन टाकू का?"

घ्यावं का? तेच समजून घेऊ.

आधी खेळ काय आहे ते बघू

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर त्यातली पोरं तळघरात बसून खेळतात तोच हा. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करणार ते सांगतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. झाला खेळ. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलायला माणसं एवढंच लागतं.

पण माणसं वेगवेगळ्या गावांत असली की चार कामं फोनवर किंवा लॅपटॉपवर करावी लागतात. बोलणं, फासे टाकणं, पात्राची माहिती आणि नियम बघणं, आणि नकाशा समोर ठेवणं.

ही चारही कामं फुकटात होतात

बोलायला डिस्कॉर्ड आहे. गुगल मीटवर फुकटचा ग्रुप कॉल तासाभरात संपतो, डिस्कॉर्डवर तशी मर्यादा नाही. तिथेच बॉट जोडला की सगळ्यांच्या समोर फासे पडतात, म्हणजे "मला वीस पडले" असं सांगून कुणाला फसवता येत नाही.

नियमांचंही तेच. जानेवारी २०२३ मध्ये लायसन्सवरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुले केले. ते कुणीही उतरवून घ्यावेत, वाटावेत, त्यांचं मराठी करावं. पाथफाइंडर नावाचा दुसरा खेळ घेतलात तर त्याचे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या साइटवर कंपनीच्या संमतीनेच फुकट आहेत.

पात्राची माहिती भरायला डी अँड डी बियाँडचं फुकट खातं चालतं, त्यात सहा पात्रं ठेवता येतात. नकाशासाठी आउलबेअर रोडिओ किंवा रोल२० यांची फुकट खाती आहेत.

मग पैसे नक्की कशाचे घेतात?

इथे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि बहुतेक लोक त्यातच गोंधळतात.

पहिला प्रकार भाड्याचा. रोल२० हे २०१२ पासून चालू आहे. फुकट खात्यावर खेळता येतं, पण जाहिराती दिसतात आणि जागा कमी मिळते. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरले की जास्त सोयी मिळतात. उदाहरणार्थ, पात्र अंधाऱ्या गुहेत शिरलं की त्याच्या मशालीपुरताच नकाशा उजळतो. पैसे थांबले की या सोयी थांबतात.

दुसरा प्रकार एकदाच विकत घेण्याचा. फाउंड्री २०२० साली आलं. त्याचं लायसन्स ५० डॉलरचं आहे, तेही फक्त डन्जन मास्टरने घ्यायचं. बाकीचे ब्राउझरमधून फुकट येतात. मात्र ते तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि बाहेरच्यांना तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट जोडणी होत नाही. मग कुणाचा तरी सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, म्हणजे महिन्याचा खर्च परत आलाच.

तिसरा प्रकार पुस्तकांचा. डी अँड डी बियाँडवर पुस्तकं विकत घेता येतात, आणि मास्टरचं सबस्क्रिप्शन असेल तर एकाने घेतलेली पुस्तकं सगळ्या ग्रुपला वाचता येतात. पण ती पुस्तकं त्या साइटवरच राहतात.

"साइटवरच राहतात" म्हणजे काय, ते कळायला तीन गोष्टी

डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीसाठी २००८ पासून डी अँड डी इनसायडर नावाची सेवा होती. लोक वर्षानुवर्षं पैसे भरत होते. ती ज्या सिल्व्हरलाइट तंत्रावर चालायची तेच मोडीत निघालं आणि १ जानेवारी २०२० ला ती साधनं बंद झाली. छापील पुस्तकं मात्र लोकांच्या कपाटात आजही आहेत.

दुसरी गोष्ट. हॅस्ब्रो कंपनीने २०२२ साली डी अँड डी बियाँड सुमारे १४.६ कोटी डॉलरला घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं की पात्रांच्या नोंदीत २०१४ च्या नियमांतले मंत्र आणि जादूच्या वस्तू जाऊन त्या जागी नव्या आवृत्तीचे येतील. ज्यांनी जुनी पुस्तकं विकत घेतली होती त्यांनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. विकत घेतलेली गोष्ट घरबसल्या बदलू शकते, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

तिसरी गोष्ट सिजिलची. हे थ्रीडी टेबल कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणलं आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या बहुतेक टीमला कामावरून काढलं.

याचा अर्थ पैसे देऊच नयेत असा नाही. भाडं भरतोय की मालकी घेतोय हे आधी ओळखायचं. पाथफाइंडरच्या पायझोसारख्या प्रकाशकांकडून पीडीएफ मिळते. ती एकदा उतरवून घेतली की साइट बंद पडली तरी आपल्याकडे राहते.

रुपयात हिशोब

डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर ५० डॉलरचे सव्वाचार ते साडेचार हजार होतात. परदेशी डिजिटल सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय बँक चलन बदलण्याचे पैसे घेते. आकडा पाच-साडेपाच हजारांवर जातो. पाच जणांत वाटला तर माणशी हजार-अकराशे रुपये, तेही एकदाच.

सबस्क्रिप्शन असेल तर आणखी एक भानगड. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी मंजुरी द्यावी लागते. परदेशी साइटवर ती यंत्रणा नसेल तर पुढच्या महिन्याचे पैसे कापलेच जात नाहीत आणि ऐन रविवारी सोयी बंद दिसतात.

आता खंडाळ्याच्या खुर्चीत बसा

सॉफ्टवेअर कोण सुचवतं? सहसा पुण्यातला, ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आणि फायबर आहे तो. त्याच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. खंडाळ्यातला मित्र शिफ्ट संपवून येतो, मोबाईल डेटावर असतो आणि त्याच्याकडे फक्त फोन आहे. फाउंड्री मोठ्या स्क्रीनसाठी बनलंय, फोनवर त्याची बटणं धड दिसत नाहीत. जड नकाशा उघडेपर्यंत त्याची पाळी निघून जाते.

तो तक्रार करणार नाही. पहिल्या रविवारी "रेंज नाही रे" म्हणेल, दुसऱ्या रविवारी "तुम्ही खेळा, मी ऐकतो" म्हणेल आणि तिसऱ्या रविवारी येणार नाही. बाकीच्यांना वाटेल त्याचा रस संपला. म्हणजे खेळ नीट व्हावा म्हणून पैसे भरले आणि ज्याच्यासाठी ऑनलाईन आलो तोच बाहेर गेला.

म्हणून चाचणी सगळ्यात साध्या फोनवर आणि सगळ्यात कमजोर नेटवर घ्या. तिथे चाललं तर सगळीकडे चालेल.

मग करायचं काय?

पहिले चार रविवार सगळं फुकटात खेळा. दर वेळी नक्की काय अडलं ते लिहून ठेवा. नकाशा लागतच नसेल आणि सगळा खेळ बोलण्यावर चालत असेल, तर नकाशाच्या सॉफ्टवेअरचे पैसे वाया जातील.

मग डन्जन मास्टरला विचारा, "आठवड्याची तयारी करायला तुला किती वेळ लागतो?" पाच जणांत सगळ्यात जास्त राबतो तो. राक्षसांचे आकडे, नकाशे, कुणाला किती जखम झाली हे सगळं तोच सांभाळतो, आणि तो कंटाळला की खेळ बंद. पैसे भरून त्याचे तीन तास वाचत असतील तर ते पैसे सार्थकी लागले. नुसती मशाल छान दिसते म्हणून भरू नका.

भरायचे ठरलं तर वर्गणी काढा. सगळ्यांसाठी एकच जण गुपचूप भरत राहिला की कधीतरी कुरबूर होतेच. आधी एकाच महिन्याचं घ्या, वर्षाचं नको. आणि पात्रांची माहिती महिन्यातून एकदा पीडीएफ करून किंवा वहीत उतरवून ठेवा, म्हणजे उद्या साइट बंद पडली तरी पुढच्या रविवारी खेळ चालू राहील.

आणि दिवाळीला पाचही जण गावाकडे आले, की लॅपटॉप बाजूला ठेवा आणि खरे फासे काढा. त्याला लॉगिन लागत नाही.